सरांचा ओरडा आणि घरचं काम

मुलांच्या खेळाबद्दलच्या एका लेखात म्हटलंय, कोच कडक असले तर पालकांनी मध्ये पडू नये. अर्धं पटलं. सचिन तेंडुलकरचे कोच आचरेकर सर स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवायचे (बाद झाला नाही तर ते त्याचं), हे सगळे सांगतात. पण सचिनचा जाण्यायेण्याचा वेळ वाचावा म्हणून त्याला शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे ठेवलं होतं, ते कुणी सांगत नाही. घरच्यांचं काम तिथे असतं: झोप, डबा, ने-आण.

माझी मुलगी बारा वर्षांची, पोहते. पहाटे पाचची बॅच. टर्न (भिंतीपाशी वळणं) चुकला म्हणून सर ओरडले तर मी गॅलरीत गप्प बसते (आतून जीव तुटतो, ते वेगळं). पण एकदा सगळ्यांसमोर तिच्या वजनावरून बोलले. त्या रात्री ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी बॅच संपल्यावर सरांना बाजूला घेऊन शांतपणे सांगितलं, टायमिंगवर हवं तेवढं बोला, शरीरावर नको. त्यांनी ऐकलं. नसतं ऐकलं तर क्लब बदलला असता. खांदा दुखत असताना "सहन कर" म्हणणंही मला मान्य नाही, वाढत्या वयात तर नाहीच.

आणि घरी येताना स्कूटरवर पोहण्याचा विषय बंद! हा नियम तिनेच केलाय. आम्ही वडापावबद्दल बोलतो.