दारू सोडायची आहे? घाई नको

आधी मुहूर्त बघा. फाल्गुनात काजूची बोंडं पिकतात आणि हुर्राक उतरतो. तो पहिल्या धारेचा, पुढं टिकत नाही, तेव्हा संपवणं भागच. वैशाखात लग्नं, आषाढात गटारी. श्रावण मात्र कडक पाळा. आपल्याला व्यसन नाही याचा वर्षातून एक पुरावा बायकोकडे जमा असलेला बरा.

आणि बेकायदा वागू नका. 1949 चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात अजून आहे; प्यायला परवाना लागतो, तो मिळतो आरोग्य राखण्यासाठी. म्हणजे तुम्ही पीत नाही, औषध घेता. बांदा ओलांडून गोव्यात पत्रादेवीला गेलात की तेवढंही आजारी असावं लागत नाही.

नीतीला धोका एकच, आणि तो सातबाऱ्याला. दोन पेग पोटात गेले की माणूस फार उदार होतो. मुंबईचा पार्टी भेटतो, 'काका काका' करतो, बाटली त्याची, कागदही त्याचेच. सकाळी कळतं की समुद्राकडच्या कलमांवर सही झाली, त्यात चुलत्याच्या हिश्शाचीही चार झाडं गेली. चुलता कोर्टात जातो. जाऊ दे. तारीख ओरोसला असते, वाटेत बसायला जागा बऱ्या आहेत. (आमच्या वाडीत असे दोन खटले चालू आहेत. वादी-प्रतिवादी संध्याकाळी एकाच टेबलावर असतात.)

तरीही सोडायचीच असेल तर डॉक्टरांना विचारा. रोज पिणाऱ्यानं एकदम सोडली तर झटके येऊ शकतात, म्हणून देखरेखीखाली सोडा, असं ते सांगतील. यातलं 'झटके येऊ शकतात' एवढंच पाठ करा आणि घरी सांगा. व्यसनमुक्ती केंद्रात कशाला जाता, तिथं पहिल्याच दिवशी कबूल करायला लावतात की आता आपल्या हातात काही राहिलं नाही. चारचौघांत हे बोलायचं? आपण आणि?

त्यापेक्षा राखणदाराला नवस बोला. सुटली तर कोंबडा आणि एक बाटली. देवाला थेंबभर दाखवली की उरलेली आपलीच.

गाऱ्हाणं घालताना मागून आवस, म्हणजे आई, दरवर्षी मोठ्यानं म्हणते, "व्हय म्हाराजा!" यंदा ती नुसतीच हात जोडून उभी राहिली, तर मागं वळून बघू नका.