बिशप हवा की नको, हा वाद जरा बाजूला ठेवा

नगरकडच्या आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर कमिटीचं इलेक्शन जवळ आलं की दरवेळी तोच वाद पेटतो. एक गट म्हणतो की बिशप (अनेक मंडळ्यांवरचा धर्माधिकारी), डायोसिस (त्याचा इलाखा), सिनड (चर्चची वरची सभा) ही सगळी इंग्रजांची साहेबी आहे, पहिल्या शतकात यातलं काही नव्हतं, तेव्हा चला प्रेषितांच्या, म्हणजे येशूच्या पहिल्या शिष्यांच्या, काळाकडे परत. दुसरा गट म्हणतो अहो बायबलातच अध्यक्ष आहेत (बिशपसाठी मराठी बायबलातला शब्द), परंपरा मोडणारे तुम्ही कोण. मी इकडे इंग्लंडमध्ये बसून हे सगळं वाचते, रविवारी इथल्या चर्च ऑफ इंग्लंडच्या पॅरिशमध्ये, म्हणजे स्थानिक मंडळीत, जाते, आणि मला दोघांचंही पटत नाही.

पहिल्या गटाची गंमत म्हणजे अमेरिकन मराठी मिशनच्या नगरच्या मंडळ्यांना इंग्रज असेपर्यंत बिशप नव्हताच (एसपीजी या चर्च ऑफ इंग्लंडच्या मिशनच्या मंडळ्यांना होता, तो भाग वेगळा). आमच्याकडे बिशप आला तो २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला वेगवेगळी चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली तेव्हा, म्हणजे साहेब जाऊन तेवीस वर्षं झाल्यावर आणि आपल्याच लोकांनी एकत्र बसून घेतलेल्या निर्णयाने.

आणि प्रेषितांचा काळ म्हणजे नक्की कुठला ते तरी ठरवा. यरुशलेमात पहिली नवी जबाबदारी निर्माण झाली ती जेवणावरून झालेल्या तक्रारीतून, ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जात होतं म्हणून, आणि तेव्हा येशूच्या बारा शिष्यांनी स्वतः माणसं निवडली नाहीत, लोकांना सांगितलं की तुमच्यातून सात जण निवडा. पौल आणि बर्णबा हे प्रेषित मात्र गावोगाव वडील, म्हणजे मंडळीतले ज्येष्ठ पुढारी, नेमत गेले. मिलेतात इफिसच्या वडिलांना पौल बोलावून घेतो आणि त्याच माणसांना अध्यक्ष म्हणतो, म्हणजे तेव्हा हे दोन वेगळे हुद्दे नव्हतेच, फिलिप्पैच्या पत्रातसुद्धा एकाच गावात अध्यक्ष अनेक आहेत. मग साधारण इ.स. ११० च्या सुमारास अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस रोमला मरायला नेला जात असताना वाटेतून पत्रं लिहितो आणि त्यात एका शहराला एक बिशप, त्याच्याभोवती वडील आणि सेवक, अशी मांडणी दिसते. दुसऱ्या गटाला हे फार आवडतं. पण इग्नेशियसचा बिशप एका शहराचा, लोक त्याला रोज बघणारे, चार-पाच जिल्ह्यांचा कारभार सांभाळणारा नव्हे. त्याची तुलना करायचीच तर आपल्या पाळकसाहेबांशी करा.

तेव्हा प्रत्येक ठिकाणी व्यवस्था वेगळी होती. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की नेत्याला ओळखणारी आणि नाही म्हणू शकणारी माणसं जवळ होती. साधारण इ.स. ९६ च्या सुमारास करिंथमध्ये लोकांनी काही वडिलांना काढून टाकलं, तेव्हा रोमच्या मंडळीने त्यांना लांबलचक पत्र लिहून सांगितलं की हे चुकलं, पण त्या पत्रातही असं येतं की हे वडील सगळ्या मंडळीच्या संमतीने नेमलेले होते. आणि डिडाखे नावाच्या जुन्या पुस्तिकेत फिरत्या प्रेषितांसाठी नियमच आहे, एक दिवस राहावं, गरज पडली तर दोन, तिसऱ्या दिवशीही मुक्काम असला तर तो खोटा, आणि निघताना पैसे मागितले तरी खोटा. हल्ली आपल्याकडे चौकाचौकात फ्लेक्सवर नावाआधी 'अपॉसल', म्हणजे प्रेषित, लावणारे झालेत ना, त्यांच्या तंबूच्या दारावर हे वाक्य लावायला पाहिजे.

बायकांचा विषय निघाला की मात्र दोन्ही गट एक होतात, गप्प बसतात. किंख्रियाच्या मंडळीची सेविका फीबी, नुंफा नावाच्या बाईच्या घरात भरणारी मंडळी, आणि साधारण ११२ च्या सुमारास रोमन अधिकारी प्लिनी बादशहाला कळवतो की त्याने दोन गुलाम बायकांना छळून चौकशी केली आणि ख्रिस्ती लोक त्यांना सेविका म्हणतात. इकडे चर्च ऑफ इंग्लंडला पहिल्या बायका प्रीस्ट करायला १९९४ उजाडलं, पहिली बिशप २०१५ मध्ये, आणि कँटरबरीच्या आर्चबिशपपदी सारा मलाली यांचं नाव जाहीर झालं ऑक्टोबर २०२५ मध्ये. आपल्या पंडिता रमाबाईंना हे चर्च फार आधी भेटलं होतं. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, मग चेल्टनहॅमला शिकत असताना त्यांनी पुरुषांना शिकवायचं म्हटल्यावर बिशप लोकांनी हरकत घेतली, आणि बाईंनी वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिनला स्पष्ट कळवलं की एका पुरोहितवर्गाचं जोखड मी नुकतंच टाकलंय, दुसरं मानेवर घेणार नाही. पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, ते चालवायला त्यांना कुठलीही पदवी लागली नाही.

इथलं सगळं चांगलं असं मी म्हणत नाहीये. इथे बिशप कोण होणार ते बंद दाराआड एक कमिशन ठरवतं आणि नाव पंतप्रधानांमार्फत राजाकडे जातं, सव्वीस बिशप हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये बसतात, पहिल्या शतकातल्या कोणाला हे ओळखूही आलं नसतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये आर्चबिशप जस्टिन वेल्बींना राजीनामा द्यावा लागला, मुलांवरच्या अत्याचाराची जुनी तक्रार नीट हाताळली नाही म्हणून, म्हणजे नियमांच्या फायली जाड असल्या तरी वरचे लोक वरच्यांना सांभाळून घेतात हे इकडेही आहेच. पण खाली, पॅरिशच्या पातळीवर, चर्चवॉर्डन नावाची दोन साधी माणसं असतात, दरवर्षी निवडलेली, आणि त्यांना मत द्यायला त्या हद्दीतल्या मतदारयादीत नाव असलं की पुरतं, तुम्ही चर्चला जाता का हे कोणी विचारत नाही. सलग सहा वर्षांनंतर, सभेने वेगळं ठरवलं नसेल तर, त्यांना थांबावं लागतं. वार्षिक सभेत हिशोब मांडला जातो. फार कंटाळवाणी सभा असते, पंधरावीस म्हातारे आणि पातळ चहा, भांडण तर नाहीच. आपल्याकडे निदान लोक भांडायला तरी येतात, तेवढी आस्था इकडे राहिलेली नाही हे खरं सांगते.

आपल्याकडे हे का सुटत नाही, तर मला वाटतं जमिनीमुळे. पहिल्या दोन शतकांत मंडळ्या लोकांच्या घरात भरायच्या, मालमत्ता नव्हतीच म्हणा ना. आपल्याला मिशनने शाळा, हॉस्पिटल, बंगले, एकरांनी जागा दिली आणि मग पद म्हणजे त्या जागेच्या कागदावर सही करायचा हक्क झाला, कोर्टातल्या केसेस त्यातूनच. असं असताना बिशप काढून कमिटी आणली तरी सहीचा हक्क कोणाकडे तरी जाणारच, आणि त्याच्याकडे तो किती वर्षं राहणार, कोणाला दाखवून राहणार, हे कोणी विचारत नाही.

'तिकडे बसून बोलायला काय जातंय' असं ग्रुपवर कोणीतरी लिहिणारच, आणि ते बरोबरच आहे, मतदानाला मी तिथे नसते. म्हणून या वेळी बिशपच्या वादात मी एक अक्षर टाकलं नाही, फक्त गेल्या वर्षीचा जमाखर्च ग्रुपवर टाका अशी विनंती केली. सेक्रेटरीसाहेबांनी अंगठा दिलाय, इमोजीचा. आकडे अजून यायचेत.