अंगात नाही बळ

मोहावीच्या वाळवंटात मी एका वेळी नऊ अँटी-मटेरियल रायफली (गाड्यासुद्धा भेदणाऱ्या अवजड बंदुका) पाठीवर घेऊन फिरू शकतो. त्यातली एकही मला सरळ धरता येत नाही.

हिशेब सोपा आहे. ‘फॉलआउट: न्यू वेगस’ या २०१० सालच्या गेममध्ये आपण उचलू शकतो ते ओझं म्हणजे १५० अधिक ताकदीच्या दसपट. माझी ताकद ३, म्हणून १८०. रायफलीचं वजन २०. नऊ नग बरोब्बर बसतात. (अंगावर कपडे नकोत ही एक अट आहे, पण वाळवंटात बघतंय कोण!) मात्र रायफलीच्या माहितीत एक आकडा असतो: ताकद ८ हवी. तेवढी नसेल तर गेम बंदूक हिसकावून घेत नाही. घ्या, मिरवा, झाडासुद्धा. फक्त गोळी कुठे जाणार ते तुम्हाला विचारलं जाणार नाही.

आता ताकद ३च का? गेमच्या सुरुवातीला गुडस्प्रिंग्ज गावातले डॉक्टर मिचेल आपल्याला एका यंत्रापुढे उभं करतात आणि ४० गुण सात रकान्यांत वाटायला लावतात: ताकद, नजर, दम, छाप, बुद्धी, चपळाई आणि नशीब. ‘अभ्यास कर, हमाली करायची नाहीये तुला’ हे ऐकत मोठा झालेला माणूस या यंत्रापुढे दुसरं काय करणार? पहिली मूठ बुद्धीत. दुसरी छापेत, कारण गोड बोलून काम होत असेल तर हात कशाला उगारायचा? थोडे नशिबात, कारण नुसत्या बुद्धीने किती भागतं ते आसपास दिसतंच. उरलंसुरलं ताकदीला. मी हा गेम पुन्हा सुरू केला तरी असंच करीन. हे संस्कार आहेत.

अडचण एवढीच, की गुडस्प्रिंग्जच्या उत्तरेला क्वारी जंक्शनची खाण आहे आणि तिथे डेथक्लॉ राहतात. अंगाने राक्षस, नखं कोयत्यासारखी, आणि संवादाची मुळीच आवड नाही. माझी सगळी छाप तिथे फुकट. म्हणून लांबून मारणारी मोठी बंदूक घेतली. डोंगरकड्यावर बसलो, दुर्बिणीला डोळा लावला. आणि नळी डुलायला लागली. डेथक्लॉचं डोकं, शेजारचा दगड, ढग, पुन्हा दगड. मागे उभ्या असलेल्या बायकोने क्षणभर पाहिलं आणि म्हणाली, “आधी त्याला दोन घास खायला घाल.”

मला यातला अन्याय बोचतो तो असा. खऱ्या जगातली याच जातीची बंदूक, बॅरेट एम८२, सुमारे १४ किलोची असते. ती कोणी पैलवान बोटावर तोलून धरत नाही. पुढच्या दोन पायांवर टेकवायची, मागे पोटावर पडायचं आणि श्वास आवरायचा. शिवाय बंदूक जितकी जड तितका तिचा मागचा धक्का कमी जाणवतो. म्हणजे वजन तिथे काही अंशी आपल्या बाजूने असतं. पण न्यू वेगसमध्ये पलंगावर आठ तास घोरता येतं, बंदूक घेऊन पालथं पडता मात्र येत नाही. फार तर उकिडवं बसा. उकिडवं बसून १४ किलो पेलायचे म्हटले तर ८ काय, १०सुद्धा कमीच.

बंदुकीसाठी ताकद मागण्याची ही खोड जुनी आहे. १९९७ सालच्या पहिल्या फॉलआउटमध्ये ताकद जितकी कमी पडेल तितक्या प्रत्येक गुणामागे नेम लागण्याची शक्यता २० टक्क्यांनी घटायची. ‘ब्लडबोर्न’ या दुसऱ्या गेममध्ये तर गोळीचा मार किती बसणार हे ठरतं रक्ताशी निगडित एका वेगळ्याच गुणावर, पण तिथली तोफ उचलायलाच ताकद ३० लागते. उलट ‘फॉलआउट ४’मध्ये अट पार काढून टाकलेली, ताकद १ असलेला काडीपैलवानही मिनीगन (नावाने मिनी, पण अनेक नळ्यांची अवजड मशीनगन) फिरवतो. मला ते सोयीचं असूनही आवडत नाही. काडीपैलवानांची बाजू मी जन्मभर घेत आलोय, पण मिनीगनचा मान राहिला पाहिजे.

तर मग ८ जमवायचे कसे? बुद्धी भरपूर असल्याने बेरीज-वजाबाकी केली. सोळाव्या पातळीला एक पर्क, म्हणजे खास सवलत, मिळतो, त्याने शस्त्राची अट २ ने उतरते. आठाचे सहा झाले. न्यू वेगसच्या दवाखान्यात ४,००० बुचं मोजली (तिथे बाटलीची बुचं हाच पैसा) की अंगात एक यंत्र बसवतात, ताकद १ ने वाढते. तिनाचे चार झाले. उरले दोन. बिअरनेही ताकद १ ने वाढते आणि बुद्धी १ ने कमी होते. प्यायलेल्याला तसं वाटतं हे माहीत होतं, इथे ते अधिकृतपणे मान्य केलंय. पण मी बफआउट नावाची गोळी निवडली. एकदम २ वाढ, काही मिनिटांपुरती.

सहा झाले. नळी थांबली. डेथक्लॉचं डोकं जिथे होतं तिथेच राहिलं, मग राहिलं नाही. मी इतका खूश झालो, की दुसऱ्यासाठी दुसरी गोळी, तिसऱ्यासाठी तिसरी.

बफआउटचं व्यसन लागतं. आणि व्यसन लागल्यावर गोळी नसेल तेव्हा जे कमी होतं त्यात ताकदही आहे, १ ने. म्हणजे ४,००० बुचं देऊन बसवलेलं यंत्र आता फक्त व्यसनाची भरपाई करतंय. व्यसन सोडवायला पुन्हा डॉक्टर, डॉक्टरला पुन्हा बुचं. माझ्याजवळ विकण्याजोगी एकच वस्तू आहे, आणि सुदैवाने गिऱ्हाइकाशी गोड बोलायला छाप भरपूर आहे.