मधले चार मिलिबार कुठे गेले?

नवीन बॉयलर बसवून तीन आठवडे झाले, आणि आज सकाळी मी सासूबाईंच्या आंघोळीसाठी किटलीत पाणी उकळून बादलीत ओतत होते. नाशिकहून पहिल्यांदाच इकडे इंग्लंडात, लेस्टरला आल्यात त्या. बाहेर तीन डिग्री. भिंतीवर आमच्या वर्षभराच्या बचतीचा कॉम्बी बॉयलर (घर तापवणारा आणि नळाला लागेल तसं गरम पाणी देणारा, एकच) लटकलाय आणि त्या स्वेटर घालून बादलीची वाट बघत बसल्यात. संताप संताप झालाय नुसता.

रेडिएटर तापतात. हे आधीच सांगते, कारण फोनवर प्रत्येक जण पहिलं तेच विचारतो आणि 'मग बॉयलर ठीक आहे' म्हणून मोकळा होतो. नाही ना ठीक! घर ऊबदार ठेवायला बॉयलर मंद आचेवर चालतो, तेवढा गॅस त्याला मिळतो. शॉवर सोडला की पूर्ण ३० किलोवॅट लागतात, आणि तेव्हा मिळत नाही. अर्धा मिनिट कढत पाणी, मग कोमट. त्यात कुणी शेगडी पेटवली की बॉयलर बंदच पडतो.

बसवणारा म्हणाला, बाहेरूनच दाब कमी येतोय. गॅसच्या लाइनवाला येऊन मीटरपाशी मोजून गेला : बॉयलर पूर्ण जोरात चालू असताना २०.५ मिलिबार. इथे मीटरपाशी १९ ते २३ असावा लागतो, म्हणजे त्याच्या बाजूने प्रश्न मिटला. मग बॉयलर बनवणाऱ्यांचा माणूस आला. त्याने बॉयलरच्या गॅस इनलेटला दाब मोजायची यू आकाराची पाण्याची नळी जोडली. सगळं बंद असताना पाणी बावीस-तेवीसवर. मी वर जाऊन बाथरूमचा गरम नळ पूर्ण सोडला आणि खाली येऊन बघते तर पाणी १६.४ वर उतरलेलं! सासूबाईंनासुद्धा कळलं, म्हणाल्या, "अगं, वाटेतच कुठंतरी अडतंय की."

वाटेतच अडतंय! मीटर ते बॉयलर जास्तीत जास्त १ मिलिबारची घट चालते. आमची ४.१ आहे. कारण बसवणाऱ्याने जुन्या बॉयलरचा १५ मिलिमीटरचा पाइप तसाच ठेवला. मीटरपासून थोडा २२ चा, पुढे फरशीखालून नऊ मीटर १५ चा आणि त्यात पाच कोपरे. एकेक कोपरा म्हणजे आणखी अर्धा मीटर पाइप धरायचा असतो. जुना बॉयलर १५ किलोवॅटचा, टाकीतलं पाणी सावकाश तापवणारा. त्याला तो पाइप पुरत होता. नव्याला गॅस दुप्पट लागतो, आणि प्रवाह दुप्पट झाला की त्याच पाइपात दाबाची घट साडेतीन-चारपट होते. सगळीकडे २२ चा घातला असता तर तेवढ्याच गॅसला घट साधारण एक सप्तमांश झाली असती. हे मला, अकाउंट्सचं काम करणाऱ्या बाईला, दोन संध्याकाळी वाचून कळलं. याचं तर पोट त्यावर आहे!

आणि बसवणाऱ्याचं उत्तर काय? "मॅडम, लीक टेस्ट पास आहे." अरे बाबा, लीक टेस्टमध्ये गॅस वाहतच नाही! कॉक बंद करून दोन मिनिटं काटा हलतो का ते बघायचं, एवढंच. त्यातून गळती कळते, पाइप अरुंद आहे हे नाही कळत. गॅस थांबलेला असला की बारीक पाइपाच्या दोन्ही टोकांना दाब सारखाच दिसणार. मोजायचं ते सगळं धडधडून चालू असताना, बॉयलरपाशी. इथल्या १९९८ च्या गॅस सुरक्षा नियमांतच आहे की काम झाल्यावर चालू दाब किंवा उष्णतेचा भार, म्हणजे बॉयलर किती गॅस जाळतो ते, तपासलाच पाहिजे. बॉयलर बसवून झाल्यावर त्याने दिलेल्या कागदावर चालू दाबाच्या रकान्यात त्याच्या अक्षरात '२०' लिहिलंय. मी त्या दिवशी तिथेच उभी होते. बॉयलरला त्याने दाब मोजायचं गेज लावलंच नाही. न मोजता आकडा लिहिला आणि खाली सही ठोकली! गॅसच्या कामात!

मीटर तर मीही वाचू शकते. शेगडी बंद, गरम नळ पूर्ण सोडलेला, दोन मिनिटं. ३० किलोवॅटला तासाला साधारण ३.२ घनमीटर गॅस लागतो, म्हणजे दोन मिनिटांत ०.१०७ जायला हवा. गेला ०.०९. तीनदा बघितलं, तेवढाच. हे आकडे त्याला पाठवले, तर म्हणतो पाइप बदलायचा असेल तर वेगळे पैसे, फरशी उघडायचे वेगळे.

का द्यायचे? आधी त्या घरात कुठला पाइप आहे हे बघून दर सांगणं त्याचं काम होतं. बॉयलर किती मोठा घालायचा ते त्याने ठरवलं, मी नाही. गुरुवारी येतोय. तो कागद मी टेबलावर काढून ठेवलाय. गेज बॉयलरला लावायचं, वरचा नळ मी सोडणार, शेगडीचे चारही बर्नर सासूबाई पेटवणार, आणि येईल तो आकडा त्याने माझ्यासमोर त्या '२०' च्या शेजारी लिहायचा.