वर कोण राहतं?

आपल्याकडे घरात पाणी गळायला लागलं की माणूस आधी छताकडे बघतो. छताला ओल दिसली की वरच्यांची बेल वाजवतो. वरचे म्हणतात, आमच्याकडून नाहीच. मग सोसायटीची मीटिंग, मग टाइल्स फोडायचा ठराव, आणि पुढचे दोन पावसाळे छान जातात. मी वीस वर्षं फ्लॅटमध्ये काढली आहेत, त्यामुळे या शास्त्रात तयार आहे. पण नेरुळच्या रो-हाऊसमध्ये राहायला आलो आणि घोडं अडलं. इथे गळत होतं ते मागच्या अंगणातलं तळं. पाणी जात होतं खाली, आणि खाली कोण राहतं हे सिडकोलाही सांगता येणार नाही. भांडायचं कुणाशी?

तळं म्हणायचं ते आपलं कौतुकाने. 2 मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि 2 फूट खोल असा खड्डा. (लांबी-रुंदी मी मोजली, खोली खोदणाऱ्याने, म्हणून मापं अशी मिश्र विवाहाची.) आत मेव्हण्याने दिलेला कागद. त्याचं निफाडकडे शेततळं आहे. शेततळ्यात जे काळं जाड प्लास्टिक अंथरतात त्याला तिकडे सगळे कागदच म्हणतात. त्यातला उरलेला 500 मायक्रॉनचा तुकडा त्याने टेम्पोतून पाठवला, वर एक क्रेट द्राक्षं. द्राक्षं चार दिवसांत संपली. कागद पुरून उरला, म्हणजे काठावर त्याची काळी कड दिसायला लागली. ती झाकायला मी चारही बाजूंनी गोणपाट अंथरलं, एक टोक पाण्यात, एक टोक बाहेर मातीत, आणि वर दगड मांडले. दिसायला अगदी गावाकडचं तळं. कोपऱ्यात विटांचा धबधबा, भाजीच्या क्रेटमध्ये कमळ, आणि डासांच्या अळ्या खायला वीसेक गप्पी मासे. मासे नसते तर फवारणीवाल्यांनी मला तळ्यासकट उचलून नेलं असतं.

फेब्रुवारीत सगळं झालं. एप्रिलमध्ये पाणी उतरायला लागलं.

"ऊन काय आहे बाहेर! आटत असेल," बायको म्हणाली. त्या दिवशी शेजारच्या काकूंनी भिंतीवरून अळूवड्यांचा डबा दिला होता, त्यामुळे मीही फार वाद घातला नाही. एप्रिलच्या उन्हात त्यांच्या अळूची पानं सुपाएवढी झाली होती. अशा वड्या तोंडात असताना माणूस बाष्पीभवनावरही विश्वास ठेवतो.

पण आटणं आणि गळणं यांत फरक असतो आणि तो बादलीने कळतो. तळ्यात विटेवर बादली ठेवायची, काठ पाण्याबाहेर. बादलीत तळ्याच्या पातळीइतकंच पाणी भरायचं, आत एक खूण, बाहेर एक खूण. 24 तास थांबायचं. ऊन दोघांना सारखं, वारा सारखा. बादली जेवढी उतरली तेवढं उन्हाचं, तळं त्याहून जास्त उतरलं तर ते गळतीचं. प्रयोग इतका सोपा आहे की पहिल्याच दिवशी तो एका कावळ्याने नासवला. एवढं तीन चौरस मीटर पाणी समोर असताना त्याला आंघोळ बादलीतच करायची होती. दुसऱ्या दिवशी मी खुर्ची टाकून राखणीला बसलो. निकाल आला: बादली 7 मिलिमीटर, तळं 4 सेंटिमीटर.

आता हिशेब करा. 3 चौरस मीटरचं तोंड, म्हणजे पाणी 1 सेंटिमीटर उतरलं की 30 लिटर गेलं. 4 सेंटिमीटर म्हणजे रोजचे 120 लिटर. मोरबे धरणातून निघालेलं पाणी इतका प्रवास करून माझ्या नळाला यायचं. क्लोरीनने मासे मरू नयेत म्हणून मी ते पिंपात दिवसभर ठेवायचो. मग बादल्यांनी तळ्यात ओतायचो, आणि ते तडक पाताळात. ज्या शहरात भरतीच्या वेळी पावसाचं पाणी साठवायला सिडकोने मोठमोठे होल्डिंग पाँड खोदून ठेवलेत, तिथे मला एक खड्डा धरून ठेवता येत नव्हता.

वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावलं. त्याने तळ्याकडे पाहिलं, कमरेवर हात ठेवले आणि सवयीने विचारलं, "वर कोण राहतं?"

"कावळे," मी म्हणालो.

त्याने मोबाइलचा टॉर्च लावला (दुपारचे बारा वाजले होते) आणि शेजारच्यांच्या बाजूची कंपाउंडची भिंत बोटांनी ठोकून पाहिली. "साहेब, ओल इकडे आहे. या भिंतीत इंजेक्शन मारू." तळ्याच्या आजारावर भिंतीला इंजेक्शन! मी त्याला चहा देऊन वाटेला लावलं. ही गोष्ट मी पुढे दीड महिना लोकांना हसून सांगत होतो.

शेवटी मेव्हण्याला फोन केला. "दाजी, आधी मोटर बंद करा," तो म्हणाला. "पाणी उतरायचं थांबलं तर दोष धबधब्यात नाहीतर पाइपात. तरी उतरलं तर कागदात." पंप बंद केला. 4 चे 3 सेंटिमीटर झाले. धबधब्याची तिसरी वीट मागे कलली होती आणि पाणी तिच्या पाठीमागून गुपचूप जमिनीत जात होतं. विटेखाली कागदाची पट्टी सरकवली, ते प्रकरण मिटलं. उरलेल्याचं काय?

"आता पाणी घालू नका. उतरू द्या. जिथे थांबेल तिथे भोक."

ऐकायला सोपं आहे. मासे कपड्यांच्या टबात गेले, कपडे बादलीत गेले, एक बादली तळ्यात होतीच, आणि आंघोळीला घरात एक मग उरला. रोज सकाळी मी पट्टी घेऊन अंगणात. काठावरच्या गोणपाटाची टोकं कोरडी पडून लोंबत होती, ती मी हाताने बाजूला सारून माप घेत असे. आठव्या दिवशी बादली आणि तळं बरोबरीने उतरायला लागले. पाणी काठापासून एक वीत खाली होतं. म्हणजे भोक त्या रेषेवर. ती रेषा 7 मीटर लांब होती हे मेव्हणा बोलला नव्हता.

मग दोन बोटं पाणी पुन्हा भरलं आणि दूध आणलं. पाणी अगदी स्थिर हवं. खोकल्याच्या औषधाच्या ड्रॉपरने काठाकाठाने दुधाचा एकेक थेंब सोडायचा. मी पालथा पडून हे करत असताना बायको दारात येऊन म्हणाली, "अहो, नागपंचमीला अजून अवकाश आहे." मी मान वर केली नाही. दुधाचा थेंब पाण्यात पडला की आधी उदबत्तीच्या धुरासारखा जागच्या जागी फिरतो, मग सावकाश पसरतो आणि विरतो. साडेचार मीटर असंच गेलं. मग कमळाच्या क्रेटजवळ एक थेंब पसरलाच नाही. त्याचा बारीक दोरा झाला, तो दोरा ताणला गेला, कागदाकडे वळला, आणि कुणीतरी पलीकडून ओढून घ्यावा तसा आत गेला. मी आणखी एक थेंब सोडला. तोही गेला. तिसरा केवळ आनंदासाठी.

भोक मुगाएवढं. क्रेटचा तुटका कोपरा तिथे टेकला होता. मी विजयी मुद्रेने एम-सील मळून चोपडलं. सकाळी ते अख्खं, डब्याच्या झाकणासारखं सुटून आलं. मेव्हणा फोनवर इतका हसला की मागे त्याचा कुत्रा भुंकायला लागला. "दाजी, या कागदाला काही चिकटत नसतं हो! आमच्याकडे मशीनने तापवून जोडतात." एवढ्याशा भोकासाठी निफाडहून मशीन आणणं बरं दिसलं नसतं. मग ब्युटाइल टेप. कागद कोरडा केला, स्पिरिटने पुसला, भोकाच्या चारही बाजूंनी ऐसपैस टेप लावली आणि लाटण्याने दाबली. लाटणं कुठून आलं ही चौकशी घरात अजून चालू आहे.

तळं भरलं. मासे टबातून परत गेले. गेले वीस होते, आले एकतीस. गप्पी थेट पिल्लंच देतात आणि त्याला टबही चालतो. दुसऱ्या दिवशी खूण पाहिली. बादली 7 मिलिमीटर. तळं दीड सेंटिमीटर.

मी काही बोललो नाही. जेवलोही कमी.

त्या संध्याकाळी आई देवापाशी समई लावत होती आणि बायकोला सांगत होती, "अगं, वात केवढी बाहेर ओढलीस! तेल सगळं ताटलीत उतरतंय बघ." मी पेपर वाचत होतो. एक बातमी वाचली, दुसरी अर्धी वाचली, आणि उठून समईपाशी गेलो. वातीचं एक टोक तेलात, दुसरं काठावरून बाहेर लोंबणारं, आणि टोकाशी एक थेंब जमत होता.

टॉर्च घेऊन मागे गेलो. गोणपाटाचं बाहेरचं टोक मुठीत धरून पिळलं. मनगटापर्यंत पाणी आलं. चारही बाजूंनी मी तळ्याला समईच्या वाती लावून ठेवल्या होत्या. सर्वांत ओली माती होती ती शेजारच्यांच्या भिंतीकडे, जिथे इंजेक्शन मारायचं होतं. त्याच रात्री सगळं गोणपाट ओढून काढलं. तिसऱ्या दिवशी तळं 7 मिलिमीटर, बादली 7 मिलिमीटर. बायकोला दोन्ही खुणा दाखवल्या. ती म्हणाली, "मग आता बादली मिळेल का?"

आठवड्याभराने शेजारचे काका भिंतीवरून डोकावले. मेच्या उन्हाने त्यांचा चेहरा उतरला होता.

"तुमच्याकडे काही बंद केलंत का हो?"

"नाही… म्हणजे काय?"

"आमच्या अळूने माना टाकल्या. तीन महिने तिकडे पाइपसुद्धा नेला नव्हता आम्ही. ही म्हणायची, इथली मातीच गुणाची."

मी भिंतीपलीकडे पाहिलं. सुपाएवढी पानं फडक्यासारखी देठावर लोंबत होती. काकू मागे मोरीच्या पाण्याची बादली घेऊन उभ्या होत्या, आणि आमच्या ओट्यावर त्यांचा रिकामा डबा घासून परत द्यायचा राहिला होता.

रात्री सगळे झोपल्यावर मी गोणपाटाचा एक पट्टा पुन्हा भिंतीच्या बाजूने पाण्यात सोडला. एकच. चार बोटं रुंद. पाऊस येईपर्यंत.