गंज लागला म्हणून गाडी भंगारात? आधी वाकून खाली बघा

गेल्या आठवड्यात भावोजींनी घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. खाली हसरा चेहरा आणि 'हे कोणासाठी ते तिला कळेल' अशी पुस्ती. मेसेज तुमच्याकडेही येऊन गेला असेल. त्यात म्हटलंय ते असं: पंधरा वर्षं झाली की गाडी कायद्यानेच भंगार. पत्र्याचा गंज म्हणजे कॅन्सर, एकदा लागला की सुटका नाही. दुरुस्ती गाडीच्या किमतीला भिडली तरी ती ठेवणारा मूर्ख. नवी गाडी पेट्रोल वाचवून स्वतःचे पैसे स्वतःच फेडते. जुन्या गाडीला पार्ट मिळत नाहीत, विमा मिळत नाही. आणि अशी गाडी चालवणारा स्वतःच्या जिवाशी आणि दुसऱ्याच्या फुप्फुसांशी खेळतो.

'ती' म्हणजे मी. माझी गाडी जून २००७ ची, छोटी, पेट्रोलवरची, एमएच-०८. भाट्याच्या खाडीपलीकडून रोज रत्नागिरीत येते. खारा वारा, लाल माती आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, असे एकोणीस पावसाळे तिने काढलेत. तेव्हा भावोजी, उत्तर मुद्द्यागणिक देते. एका मुद्द्यावर तुमचं बरोबर आहे, तेही सांगते.

कायद्याचा मुद्दा सगळ्यात सोपा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ४१ नुसार खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. ती संपली की गाडी आरटीओत तपासून घ्यायची, पासिंग झालं की नोंदणी पुढे ५ वर्षांसाठी मिळते, आणि पुढेही तसंच. मुदत संपायच्या आधीच्या ६० दिवसांत फॉर्म २५ भरायचा. उशीर केलात तर कारला महिन्याला ५०० रुपये जादा. एप्रिल २०२२ पासून नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० झाली, मी तीच भरली. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या कारसाठी ती १०,००० केली गेली. वर आपल्या राज्याचा पर्यावरण कर वेगळा. म्हणजे सरकारला जुन्या गाड्या नकोशा आहेत हे खरं, पण बंदी नाही. महाग करणं आणि बंद करणं यांतला फरक मेसेज लिहिणाऱ्याने गिळला.

मग हे आलं कुठून? दिल्लीहून. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात १० वर्षांवरचं डिझेल आणि १५ वर्षांवरचं पेट्रोल रस्त्यावर नको, हे आधी हरित लवादाने आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. जुलै २०२५ मध्ये तिथे अशा गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचं नाही असं ठरलं, आणि आठवड्याभरात ते पुढे ढकलावं लागलं. शिवाय एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी वाढवून मिळत नाही. दिल्लीचा नियम आणि सरकारी गाड्यांचा नियम एका पातेल्यात घालून ढवळले, की आपल्या व्हॉट्सॲपवर येतो तो मेसेज तयार होतो.

आता गंज. इथे जरा बसावं लागेल.

गंज कॅन्सर नाही, तो रसायन आहे. लोखंड, ओलावा आणि हवा एकत्र आली की तो होतो. मीठ दोन कामं करतं. एक तर ते हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे पाऊस थांबला तरी पत्रा ओलाच राहतो. दुसरं, खारं पाणी वीज जास्त वाहून नेतं आणि गंजण्याची क्रिया वेगाने होते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून रंग फुगतो. पण दाराच्या खालच्या काठाला फोड दिसला, तर बहुतेक वेळा पत्रा आतून खाल्ला गेलेला असतो. बाहेर दिसतंय ते शेवटचं टोक.

का, ते कळायला दार समजून घ्यायला हवं. काचेच्या रबरामधून पाणी दारात जातंच, दार तसंच बनवलेलं असतं. ते बाहेर पडायला दाराच्या तळाला बारीक भोकं असतात. आपल्याकडे लाल माती आणि आंब्याचा पाचोळा तिथे बसतो, भोकं बुजतात आणि दाराची बादली होते. वायपरखालच्या जाळीचंही तसंच. तिथे पानं कुजली की पाणी आत पायाशी उतरतं, कार्पेटखालचा नमदा महिनोन् महिने ओला राहतो, आणि आपण म्हणतो, 'गाडीला कुबट वास येतोय, पर्फ्युम लावू.' त्या वासाखाली फ्लोअरचा पत्रा सडत असतो.

ही भोकं मोकळी करायला सायकलच्या स्पोकचा तुकडा आणि दहा मिनिटं लागतात. दसऱ्याच्या आसपास गाडी रॅम्पवर चढवून खालून गोड्या पाण्याने धुवायची, कार्पेट उचलून दोन दिवस उन्हात टाकायचं. ओल्या गाडीवर प्लास्टिकचं कव्हर घालायचं नाही. माझ्या मते कोकणात तर कव्हर घालूच नये. एवढं केलं तर 'सुटका नाही' म्हणायची वेळ पुष्कळ लांबते.

तरी गंज आलाच, तर तो कसा काढला यावर सगळं आहे. इथे मी स्वतः फसले. सहा वर्षांपूर्वी एका गॅरेजात दोन्ही मागच्या मडगार्डांचं काम करून घेतलं. अडीच दिवसांत गाडी चकाचक. पुढच्या गणपतीला त्याच जागी फोड. उघडून पाहिलं तर गंजलेल्या पत्र्यावर तशीच लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरली होती, बोटभर जाडीची. लांबी पाणी धरून ठेवते. खाली गंज जिवंत असेल तर त्याला पांघरूण घातल्यासारखंच. गंजावरून थेट मारलेल्या काळ्या अंडरकोटिंगचंही तेच होतं. काही जण खालून जळकं ऑइल फवारतात. पत्रा थोडा टिकतो, पण सस्पेन्शनचे रबरी बुश फुगून मऊ होतात आणि ऑइल ठिबकतं ते आपल्याच अंगणात.

नंतर नाचणे गावाजवळच्या एका वेल्डरकडे गेले. त्यांनी आधी हातोडीच्या दांड्याने सगळीकडे ठोकून आवाज ऐकला. मग म्हणाले, "ताई, जिथे ठण वाजतंय ते ठेवू. जिथे भद वाजतंय ते कापू." हेच योग्य काम. चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचं, तेवढ्याच मापाचा नवा तुकडा वेल्ड करायचा, झिंक प्रायमर, सांध्यांना सीलर, मग रंग, आणि शेवटी आतल्या पोकळीत मेण. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची वायर काढायची, कार्पेट आणि सीट बाहेर, पेट्रोलची नळी जवळ असेल तर ती उतरवायची. हे न करता वेल्डिंग सुरू करणाऱ्याकडून गाडी परत आणावी. वरवरचा गंज असेल तर फॉस्फोरिक आम्लाचं द्रावण चालतं. भोक पडलेल्या जागी त्याचा उपयोग शून्य.

मग सुटका कधी नसते? असते तशीही वेळ. छोट्या गाड्यांना जीपसारखी वेगळी चासी नसते, बॉडी हीच चासी. म्हणून दार, बॉनेट, मडगार्ड गंजलं तर तो दिसण्याचा प्रश्न. पण दाराखालची लांब पेटी, जॅक लावायची जागा, शॉकअपचा टॉवर, चाक धरून ठेवणारा लोअर आर्म जिथे बसतो ती जागा, सीटबेल्टचा नट जिथे पकडतो तो पत्रा, यांतलं काही गेलं तर तो जिवाचा प्रश्न. ब्रेकची लोखंडी नळीही त्यातच. परीक्षा सोपी आहे: एक बोथट डिसमिस (स्क्रू-ड्रायव्हर) घ्या आणि अंगठ्याच्या जोराने दाबा. पत्रा टिकला तर टिकला. डिसमिस आत गेला तर रंगाऱ्याला नव्हे, चांगल्या वेल्डरला विचारा. तीन-चार ठिकाणी आत गेला तर कोणालाच विचारू नका, गाडी सोडून द्या. मेसेजमध्ये याबद्दल एक ओळ असती तरी मी तो पुढे पाठवला असता.

पैशांकडे येते. 'गाडी साठ हजारांची आणि खर्च चाळीस हजारांचा, मूर्खपणा!' हे गणित ऐकायला खणखणीत आहे, पण तुलना चुकीच्या दोन गोष्टींची. साठ हजार म्हणजे दुसरा कोणी मला देईल ते. मला गाडी विकायचीच नाही, मला रोज कामावर जायचंय. माझी तुलना आहे चाळीस हजार घालून पुढची दोन-तीन वर्षं चालणारी ही गाडी आणि तेवढ्याच काळात दुसऱ्या गाडीवर जाणारा पैसा यांची.

माझी वही उघडते. गेल्या चार वर्षांत पत्रा आणि रंग २४,०००, क्लचप्लेट ८,२००, पुढचं सस्पेन्शन ११,५००, रेडिएटर आणि होज ६,३००, टायर आणि बॅटरी १८,४००. एकूण ६८,४००. महिन्याला १,४२५ रुपये. आता ५ लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घ्या. हप्ता १०,३७९, आणि नुसतं व्याज सव्वा लाखाच्या जवळ. पहिला चेक लिहितानाच १० लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला राज्याचा एकरकमी कर ११ टक्के. विमा कंपन्यांचा घसाऱ्याचा तक्ता पाहिलात तर पाचव्या वर्षी गाडीची किंमत निम्मी धरतात.

एक कबुली मात्र देते. 'आधीच इतका घातलाय, आता थोडा आणखी' या विचाराने मी एसीच्या कॉम्प्रेसरवर पैसे घातले आणि ते वाया गेले. घातलेला पैसा विसरून पुढचाच बघायचा, हे मला जमायला उशीर लागला.

पेट्रोल वाचतं का? वाचतं. माझी गाडी लिटरला १४ देते, नवी २० देईल असं धरू. माझं वर्षाला ६,००० किलोमीटर होतं. लिटरला १०४ रुपये धरले तर वर्षाची बचत साधारण १३,४००. म्हणजे बारा महिने वाचवून सव्वा हप्ता. वर्षाला तीस हजार किलोमीटर फिरणाऱ्या औषध कंपनीच्या प्रतिनिधीचं गणित वेगळं, त्याने जरूर बदलावी. इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुन्या गाडीचं मायलेज थोडं उतरतं आणि रबरी नळ्या लवकर खराब होतात हे मेसेजमध्ये नाही, पण खरं आहे. मी नळ्या आणि फिल्टर बदलून घेतलेत, ते वरच्या ६,३०० मध्ये नाहीत, हजारभर आणखी धरा.

पार्टचं उत्तर 'कोणती गाडी?' असं आहे. मारुती ८०० बंद होऊन दशक उलटलं, पण तिचा पार्ट तालुक्याच्या दुकानातही मिळतो, कारण तशा लाखो गाड्या रस्त्यावर उतरल्या. उलट जनरल मोटर्सने २०१७ मध्ये इथली विक्री थांबवली, त्यांच्या गाडीच्या एका सेन्सरसाठी लोक कुर्ल्याचा सीएसटी रोड पालथा घालतात. पुण्यात नाना पेठ आहे, इंजिनाचं लेथवरचं काम असेल तर कोल्हापूरचं उद्यमनगर. एका जातीच्या पाच गाड्या तुमच्या गावात रोज दिसत नसतील, तर मेसेजचं म्हणणं तुमच्यापुरतं खरं माना.

विमा मिळतो. थर्ड पार्टी तर कायद्याने घ्यावाच लागतो, आणि त्याचा दर इंजिनच्या सीसीवर ठरतो, वयावर नाही. फुल विमा द्यायला कंपन्या कुरकुरतात, आणि दिला तरी १० वर्षांवरच्या गाडीच्या धातूच्या पार्टांवर निम्मा घसारा कापतात. मी तो घेतच नाही.

आता तुमचा मुद्दा, भावोजी. सुरक्षेबद्दल मी वाद घालणार नाही. एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं अडकू न देणारी यंत्रणा) आणि जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग सक्तीची झाली. माझ्या गाडीत दोन्ही नाहीत, आणि कितीही वेल्डिंग केलं तरी येणार नाहीत. म्हणून ती हायवेवर नेत नाही. मुंबईला जायचं तर कोकण रेल्वे. रोजचा रस्ता ओळखीचा, चाळीस-पन्नासचा वेग. हा उपाय नाही, ही तडजोड आहे. घरात लहान मूल असतं तर कदाचित मीच वेगळा निर्णय घेतला असता.

धुराचं अर्धं खरं. धुराच्या जुन्या मानकाची, बीएस-२ ची, माझ्यासारखी गाडी २०२० नंतरच्या बीएस-६ इतकी स्वच्छ नसते. पण पीयूसीत, म्हणजे धुराच्या तपासणीत, तिला कार्बन मोनॉक्साइडची ०.५ टक्क्यांची मर्यादा आहे, ती पाळली जाते की नाही हे कागदावर दिसतं. खरा घोटाळा वेगळाच असतो. सायलेन्सरमधला, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काही मिस्त्री 'जाळी काढून टाका, पिकअप येईल' म्हणत फोडून टाकतात. मलाही हा सल्ला दोनदा मिळालाय. ज्याने तो ऐकला त्याच्या गाडीबद्दल मेसेज बरोबर आहे, मग ती आठ वर्षांची का असेना.

आणि कोणाला द्यायचीच असेल तर दारावर आलेल्या भंगारवाल्याला देऊ नका. नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्या, जमा केल्याचं प्रमाणपत्र घ्या, आरसी रद्द करून घ्या. नवी गाडी घेताना त्याच प्रमाणपत्रावर करात सवलत मिळते. नाहीतर गाडी कागदावर तुमच्याच नावावर राहते.

माझ्या गाडीचं पासिंग जून २०२७ मध्ये आहे. गेल्या महिन्यात डाव्या बाजूच्या जॅकच्या जागी डिसमिस टेकवला. आत गेला नाही, पण पत्रा किंचित दबला. वेल्डर म्हणाले, "ताई, एकदा अजून होईल. पुढच्या खेपेला मी नाही म्हणेन." दिवाळीनंतर ते काम करून घेतेय. भावोजी, तुम्हीही या त्या दिवशी, वाकून बघायला.