पाणी जातं कुठं?

बायको माझ्याच जिल्ह्यातली. तरी लग्नानंतर तिला वर्षभर परदेशात आल्यासारखं वाटत होतं. मी सातारा जिल्ह्याच्या पूर्वेचा, माण तालुक्यातला. ती पश्चिमेची, जावळीतली, कोयनेच्या फुगवट्याजवळच्या एका गावची. कलेक्टर एक, गाडीचा नंबर एम एच 11 एक, पाऊस मात्र एक नाही. महाबळेश्वरात वर्षाला 5,500 मिलिमीटरच्या पुढं पडतो. आमच्याकडं 500च्या आतबाहेर, तोही मूड असेल तर.

याचं कारण मी शाळेत पाठ केलं होतं. समुद्राकडून येणारे ढग सह्याद्री चढताना थंड होतात, सगळा माल तिथंच उतरवतात आणि घाट ओलांडून आमच्याकडं रिकामी गाडी येते. याला पुस्तकात पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. एवढी एकच सावली आमच्या तालुक्याच्या वाट्याला आली, बाकी बाभळी.

लग्नाच्या रुखवतात सासूबाईंनी इतर सामानासोबत एक काळी, लाकडी मुठीची, दणकट छत्री ठेवली होती. आमची वऱ्हाडी मंडळी ती बघायला रांग लावून. आईनं पुढं ती मे महिन्यात बाजाराला जाताना उन्हाला धरली, आणि गावात "पावसाळी सून आणली" असं नाव झालं.

घरात आल्यावर तिनं पहिला प्रश्न विचारला तो छताचा. तिच्या माहेरी उतरती कौलं, भिंतींना पावसाळ्यात झडी बांधायच्या. आमच्याकडं पूर्वी मातीचं सपाट माळवद होतं, आता त्याच्याच मापाचा सपाट स्लॅब. ती वर जाऊन बघून आली आणि म्हणाली, "आत्या, पाणी जातं कुठं?"

आई म्हणाली, "येतंय कुठं?"

जूनमध्ये मृग निघाला की तिच्या माहेरून फोन सुरू. टीव्हीवर पट्टी सरकत असते, साताऱ्यात मुसळधार, घाटमाथ्याला रेड अलर्ट. मामा, म्हणजे माझे सासरे, काळजीनं विचारतात, "पाव्हणं, जपून हाय न्हवं?" मी गच्चीवर उभा असतो, पश्चिमेचं वारं शर्ट फाडेल असं सुटलेलं, वर ढग धावतायत, खाली धूळ. जुलै-ऑगस्ट असाच जातो. आई टीव्हीवर कोयनेचा साठा क्रिकेटच्या धावांसारखा बघते. "ऐंशी टीएमसी झालं गं, एकशे पाचला भरतंय." आणि मग हंडा घेऊन टँकर आला का बघायला जाते. आता पश्चिमेच्या उरमोडी धरणाचं पाणी कालव्यानं तालुक्यात येतं, तेव्हापासून बायको त्याला "माझ्या माहेरचं" म्हणते. आमचा खरा पाऊस परतीचा. उत्तरा आणि हस्त बरसले तर ज्वारी, नाहीतर पुढच्या वर्षी बघू.

पण मला सांगायचंय ते मे महिन्याचं. कुरडयांचं.

गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, पहाटे तो शिजवायचा आणि ऊन चढायच्या आत सोऱ्यानं पाडायचा. यातलं एकही काम माझं नाही. माझं काम खाटा वर नेणं. गेल्या मे महिन्यात चार खाटांवर जुनी लुगडी अंथरून पांढऱ्या शुभ्र कुरडया पाडल्या होत्या. मी कृतार्थ होऊन पंख्याखाली आडवा झालो.

दुपारी दीडला पूर्वेकडून, पंढरपूरच्या बाजूनं, ढग उठले. बायको गच्चीत गेली, तिनं वारा हुंगला आणि जिन्यातून ओरडली, "अहो, आला! उचला!"

आता तिच्या गावाकडं ढग आला म्हणजे पाऊस आला, मध्ये पर्याय नसतो. मी चार खाटा जिन्यातून खाली आणल्या. कोपऱ्यावर खाट अडली, अंगठा चेमटला. अर्धवट वाळलेली कुरडई धक्का लागला की मोडते, पंधरा-वीस तिथंच गेल्या. आई खालून बघत होती. "न्हाई पडायचा गं. ते शिखर शिंगणापूरला चाललंय." आणि खरंच, ढगांनी महादेवाचं दर्शन घेतलं नि फलटणकडं उतरले. लख्ख ऊन पडलं. खाटा वर.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी दोनदा. चौथ्या दिवशी मला शेजारच्या गच्चीवरून आवाज आला, "त्यांच्या खाटा खाली गेल्या बघ, आज काय पडत न्हाई. तू खुशाल मिरच्या पसर." म्हणजे आम्ही आळीची उलटी वेधशाळा झालो होतो.

पाचव्या दिवशी असे ढग आले की दुपारी दीडला कोंबड्या खुराड्याकडं निघाल्या. मी निमूट उठलो, टॉवेल डोक्याला बांधला, जिन्यात पाय ठेवला. बायको उंबऱ्यात शेंगा फोडत बसली होती. तिनं मान वर न करता, अगदी आईसारखा हात हलवला. "बसा हो. शिंगणापूरला चाललंय."

आईनं तिच्याकडं असं पाहिलं, जशी ती आज खऱ्या अर्थानं घरात आली.

आणि पडला.

आधी शेजारच्या पत्र्यावर चार टपोरे थेंब, मग गारा, मग थेट बादलीच ओतली. मी वर धावलो. स्लॅबला पाणी जायला एक पाइप आहे, पण त्याचा उपयोग कधी पडलाच नसल्यानं त्यात चिमण्यांनी संसार थाटून मोडला होता. गच्चीचं तळं झालं. खाटांवरून घसरलेल्या कुरडया त्यात गोल गोल फिरत पुन्हा चीक व्हायच्या मार्गाला लागल्या. बायको मागून येऊन उभी राहिली. मी तिला म्हटलं, "बघ, पाणी कुठं जात नाही."

मी खाट उचलायला वाकलो तशी आई जिन्याच्या तोंडाशी आली. "ऱ्हाऊ दे रं. पाऊस दाराशी आलाय, कुरडया घातल्यात म्हणून माघारी धाडतो का त्याला?" आणि पदर डोक्यावर न घेता तशीच भिजत उभी राहिली. छत्री खाली खुंटीलाच होती. कुणाला आठवलीही नाही.

थांबला तोही एकदम. खालच्या आळीत टिपूस नव्हता. बैलाचं एक शिंग भिजवणारा पाऊस म्हणतात, तो हा. शेजारणीच्या मिरच्या मात्र भिजल्या होत्या आणि ती आमच्या गच्चीकडं रागानं बघत होती. आमच्या खाटा खाली का गेल्या नाहीत, हा तिचा सवाल.

तेवढ्यात फोन वाजला. मामा. बायकोनं ओल्या हातानंच घेतला.

"व्हय आबा, इथं बी आला. धो धो."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. तिनं क्षणभर वर बघितलं. आभाळ कोरं निळं झालेलं.

"सात मिनिटं."

जिन्यातून केस पिळता पिळता आई ओरडली, "आठ सांग गं, आठ!"